मैनेच्या दोन शाळा

सात खाड्यांच्या पल्याड, जिथं समुद्राचा वारासुद्धा दमून हळू चालतो, तिथं बकुळीच्या बागेकडेला एक एवढंसं खोपटं होतं. त्यात मैना आणि तिची आई राहायच्या. मैनेच्या परकराला चार रंगांची ठिगळं होती आणि वाडग्यातली पेज इतकी पातळ की तिच्यात आपलं तोंड दिसावं. आई बकुळीच्या फुलांच्या वेण्या करायची. ओवून ओवून तिची बोटं सुजायची.

पण मैना होती भारी हुशार! त्या उन्हाळ्यात तिच्या नावानं दोन पत्रं आली, मुलींच्या दोन मोठ्या शाळांची. शेकडो मुलींमधून तिथं फक्त वीस निवडत, आणि दोन्हीकडे मैनेची निवड झाली होती. एक शाळा दूर निळ्या डोंगरावर. तिथं दुर्बिणीतून तारे बघायला शिकवत. पण राहायचं तिथंच, घरी यायचं वर्षातून एकदा. दुसरी खाडीकाठी. तिथं गाणी, चित्रं, रंगीत विणकाम आणि संध्याकाळच्या होडीनं परत घरी. उत्तर शुक्रवारी द्यायचं होतं.

मैनेचा जीव ताऱ्यांत अडकला होता. आणि आईतही.

"आई, कुठल्या शाळेत जाऊ ग?"

"तू म्हणशील तिथं," आई म्हणायची आणि सुईत दोरा ओवायला घ्यायची. दोरा काही केल्या ओवला जायचा नाही.

शुक्रवारी उजाडताना मैना फुलं वेचायला गेली. फणसाच्या खोडाशी तिला बारीकसं रडू ऐकू आलं. बघते तर काय, करंगळीएवढी परी! मोरपिशी पंख, केसांत चांदीचे मणी. पण एक इवला पंख फणसाच्या चिकात घट्ट चिकटलेला.

"हलू नकोस हं, फाटेल," मैना म्हणाली. तेल लावलेल्या आपल्या वेणीचं टोक तिनं पंखावरून अलगद फिरवलं. पुन्हा पुन्हा फिरवलं. परडी रिकामीच राहिली, तरी ती उठली नाही. अखेर पंख सुटला आणि बागभर सोनेरी भुकटी उधळली.

"माग काहीतरी," परी म्हणाली. "पण एकच माग. बागेत ऊन उतरायच्या आत माग. आणि मागितलेलं परत करता येणार नाही."

"मला दोन्ही शाळांत जाता येईल?"

"एका मुलीला दोन बाक नसतात ग, सोनुले."

मैनेनं वर पाहिलं. फांद्यांच्या शेंड्यांवर ऊन आलं होतं. मग ती हळूच म्हणाली, "मग माझ्यासाठी काही नको. आईच्या मनात काय आहे, तेवढं मला ऐकू दे."

वाऱ्याची झुळूक आली आणि खोपटाकडून आईचं मन बोलू लागलं: 'जा ग राणी, जा त्या डोंगरावर. तुझे डोळे त्या ताऱ्यांसाठीच आहेत.' आणि त्याच दमात, 'नको ना जाऊस. तू गेल्यावर मी कुणाची वेणी घालू?'

मैना धावत सुटली आणि आईच्या कुशीत शिरली. ऐकलेलं सगळं तिनं सांगून टाकलं. आई आधी लाजली, मग रडली.

"दोन्ही खरं आहे, बाळा," ती म्हणाली. "पण माझं मन आधी काय म्हणालं? जा. तेच कर."

"तुला करमेल?"

"नाही करमणार. तरी जा."

मैना डोंगरावर गेली. पहिल्या संध्याकाळी सगळ्या मुली हसत-खिदळत होत्या. ती मात्र खिडकीशी उभी राहून खाडी शोधत होती. धुक्यापलीकडे काहीच दिसत नव्हतं.

तेवढ्यात खिडकीच्या गजावर निळा-जांभळा उजेड लुकलुकला. परी!

"स्वतःसाठी तू काहीच मागितलं नाहीस," ती म्हणाली, "म्हणून हे न मागता घे. रोज दिवेलागणीला आईचं एक वाक्य तुला ऐकू येईल, तुझं एक तिला. एकच हं! जपून बोल."

परी उजेड उजेड होत गेली. आधी पंख विरले, मग हसू विरलं. खिडकीत नुसता लख्ख प्रकाश उरला आणि त्यातून अगदी जवळून आवाज आला:

"जेवलीस का ग?"

मैनेला केवढं सांगायचं होतं! दुर्बीण, नव्या मैत्रिणी, धुकं, रडू. पण वाक्य एकच होतं.

"जेवले ग आई, आता तूही जेव."