नववी बुट्टी

"पण तात्या, जाडी नेमकी किती ठेवायची?"

"वाकंल तेवढी."

"म्हणजे दोन मिलिमीटर? अडीच?"

सिदूतात्या बुरुडांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं आणि बांबूची पुढची कामटी उचलली.

ऊर्जिता देवधरचा पारा चढला. बरोबरच आहे म्हणा. आठ दिवस हाच प्रश्न आणि आठ दिवस हेच उत्तर! बाई काही अशीतशी नव्हती, नावाजलेली डिझायनर होती. मिक्सरच्या भांड्याची तिनं घडवलेली मूठ घरोघरी पोचली होती, परदेशातून दोन पदकं आली होती. आणि आता आजऱ्याकडच्या एका खेड्यात ती गोणपाटावर बसून बुट्ट्या विणत होती. टोपल्या हो, साध्या टोपल्या! गळ्यात सोन्याच्या साखळीच्या जागी जाडी मोजायचा कॅलिपर.

कशासाठी? एका खुर्चीपायी.

पुण्यात तिच्या बांबूच्या खुर्च्यांचं प्रदर्शन होतं. पहिला मान वडिलांचा, म्हणून अप्पांना बसवलं. खुर्ची चिरली आणि अप्पा चारशे माणसांदेखत जमिनीवर. उठून म्हणाले, "काही नाही, लागलं नाही." पण तेव्हापासून अप्पा लेकीच्या घरी कुठंही बसायचं तर आधी हातानं चाचपून बघतात. वर परवा फोनवर म्हणाले, "बेटा, सोड तो बांबू. तुला प्लॅस्टिकचं छान जमतं."

ते तिला फार लागलं होतं. अप्पांनी न चाचपता बसावं असं काहीतरी तिला बांबूतच करून दाखवायचं होतं.

तात्यांच्या घरची एक रीत होती. शिकणाऱ्यानं विणलेली बुट्टी अंगणात पालथी घालायची आणि गुरूनं तिच्यावर उभं राहायचं. टिकली तर विद्या पोचली. मोडली तर न्हाणीच्या चुलीत. ऊर्जिताच्या आठ बुट्ट्या चुलीत गेल्या होत्या. आठ दिवस तात्यांच्या आंघोळीचं पाणी मात्र झकास तापत होतं.

आणि उद्या सकाळी तिची परतीची गाडी होती.

तिची पद्धत अशी. बांबू चिरायला घेतला की चीर कुठंतरी भरकटते, एक बाजू जाड, एक बाजू पातळ होते. लगेच ही बाई कोयती घालून जास्तीची जाडी सरळ कापून काढायची. मग तासून तासून सगळ्या कामट्या एका मापाच्या. दिसायला अशा देखण्या की बघत राहावं! आणि तात्यांचा पाय पडला की...

कर्र.

"द्या ती कोयती हिकडं, म्याडम," तात्या म्हणाले.

तिनं दिली. तात्यांनी एका नव्या बांबूच्या शेंड्याला चीर तेवढी पाडली आणि कोयती आपल्या मांडीखाली सारली.

"आता फाडा."

"हातानं?"

"मग काय दातानं?"

तिनं दोन्ही अंगठे चिरेत घातले. हातभर नीट गेलं आणि चीर डावीकडं पळाली. डावी बाजू पातळ होत चालली. तिनं घाबरून पातळ बाजू ओढली. ती आणखी पातळ झाली आणि सुटून हातात आली.

दुसरा बांबू... तसाच गेला.

तिसऱ्याला बोटातनं रक्त आलं.

"राहू दे," ती म्हणाली. डोळे भरले होते. "अप्पा म्हणतात तेच खरं. मला नाही जमायचं हे."

तात्यांनी पहिल्यांदाच हातातलं काम खाली ठेवलं.

"दोन सख्खे भाऊ हाईत. एक हडकलाय, एक माजलाय. तू वडतीस कुणाला?"

"हडकलेल्याला..."

तिनं फुकट गेलेल्या बांबूची जाड बाजू उचलून बघितली.

"म्हणजे... माजलेल्याला वाकवायचं?"

तात्या उठले आणि पान थुंकायला परसात गेले.

ऊर्जितानं चौथा बांबू घेतला. चीर भरकटली. तिनं पातळ बाजू सरळ धरली आणि जाड बाजू हळूहळू वाकवली. चीर थबकली... आणि आपणहून मधोमध परत आली! गाठीपाशी टक्कन आवाज झाला. चीर गाठीतूनही सरळ पुढं गेली.

तिनं सवयीनं कॅलिपर लावला. इथं दोन, तिथं तीन. मापात कुठंच नाही. पण शेंड्यापासून बुडख्यापर्यंत बांबूचा एकही धागा तुटलेला नव्हता. आठ दिवस आपण काय करत होतो ते तिला लख्ख दिसलं. माप बरोबर यावं म्हणून ती बांबूचे धागेच कापत बसली होती!

मग तिनं जाडी विचारलीच नाही. दुपारचं जेवणही विसरली.

ऊन कलतं झालं तेव्हा नववी बुट्टी तयार झाली. काठ थोडा वाकडा, पोट थोडं फुगलेलं. फोटो काढावा असं काही रूप नव्हतं. ऊर्जितानं ती अंगणात पालथी घातली आणि चार पावलं मागं सरली.

तात्या सत्तरीचे, पण जुने पैलवान. वजन नव्वदच्या पुढंच.

एक पाय ठेवला.

ऊर्जितानं डोळे मिटून घेतले.

दुसरा पाय...

काहीच आवाज झाला नाही. तिनं डोळे उघडले. तात्या वर उभे होते, कमरेवर हात ठेवून. मग त्या म्हाताऱ्यानं काय करावं? उडी मारली! बुट्टी दबली आणि पुन्हा वर आली. दुसरी उडी. तिसरी!

"टिकली! तात्या, टिकली!" ऊर्जिता अशी किंचाळली की अंगणातल्या कोंबड्या सैरावैरा पळाल्या. ती हसत होती, रडत होती, भर अंगणात नाचत होती. "आत्ताच्या आत्ता अप्पांना फोन करते! सांगते, मला बांबू वाकवता आला!"

तात्यांनी वरूनच तिच्याकडं बघितलं. गालातल्या गालात हसले.

"बांबू व्हय?... बांबू तर पयल्या दिवसापासनं वाकत हुता, पोरी."