बिनसरकारी बांध

धरमतरच्या खाडीला लागून खारदेवळी गावाचा बांध आहे. होळी सरली, की पुढच्या पहिल्या भांगेला, म्हणजे भरतीचा जोर सगळ्यात कमी असतो त्या दिवशी, गावातल्या एकाही चुलीपाशी मिठाचा खडा येत नाही. कालवण अळणी, भाकरी अळणी, लेकरांची पेजसुद्धा अळणी. मीठ पिकवणाऱ्या गावाने असा नेम का धरला, असे पाहुण्याने विचारले, की वडीलधारी माणसे त्याला बांधाच्या वाकणावर, म्हणजे तो वळतो तिथे, नेतात आणि मथीबाय म्हात्रेची गोष्ट सांगतात.

गोष्ट इंग्रजांच्या अमलातली. तेव्हा या मुलखावर दोन सरकारे होती, असे सांगतात. एक प्रांताचे, मुंबईला बसणारे. दुसरे त्याच्याही वरचे, दिल्लीला बसणारे. उत्पन्न त्यांनी आपसांत वाटून घेतले होते. शेतसारा मुंबईचा, मिठाचा कर दिल्लीचा. खारदेवळीचा बांध पडला नेमका दोघांच्या मध्ये. बाहेर खाडी, आत अर्ध्या अंगाला भातखाचरे, अर्ध्या अंगाला मिठागरे. एकच बांध दोन्हींना राखायचा.

पूर्वी बांध राखायचे काम गावच करी. पण मीठ खात्याचे शिपाई आले, आणि खाजणातल्या, म्हणजे भरतीचे पाणी चढते त्या जमिनीतल्या, चिखलाला हात लावायची बंदी झाली. चिखलात मीठ असते आणि मीठ सरकारचे, असा कायदा.

एका श्रावणात मोठे उधाण आले आणि वाकणावर बांध फुटला. पोटरीला आलेले भात खाऱ्या पाण्याखाली गेले. सकाळी ओहोटी लागताच मथीबायचा नवरा पोशा फावडे घेऊन बांधाला पडलेल्या खांडीत उतरला. बाप-आजा जे करत आले तेच तो करत होता. शिपायांनी त्याला चिखलाच्या पाटीसकट धरले आणि मीठचोर म्हणून कैदेत घातले.

त्या दिवशी मथीबायने सवयीने मडक्यात हात घालून मीठ उचलले. पण तिची मूठ तशीच थांबली, म्हणे. मग तिने मीठ परत मडक्यात टाकले आणि सासूला म्हणाली, "ज्या चिखलापायी माजा मानूस नेला, त्याच चिखलान ही खांड बुजंल. तवा मी मीठ खाईन."

गावाने सरकारकडे अर्ज केले. मुंबईचे उत्तर आले, बांध मिठागरे राखतो, तेव्हा खर्च दिल्लीने करावा. दिल्लीचे उत्तर आले, मिठागरात समुद्र आला तर बिघडते काय, नासते ते भात, तेव्हा खर्च मुंबईने करावा. पुन्हा अर्ज गेले, पुन्हा तीच उत्तरे आली. इकडे दर उधाणाला खांड रुंदावत होती. गावचे तळे मचूळ झाले. बाया डोंगराकडच्या झऱ्यावरून पाणी वाहू लागल्या. दिवाळीला बिऱ्हाडे गाव सोडायची भाषा बोलू लागली.

मथीबाय अळणी जेवत राहिली. सुरुवातीला बाया हसल्या. पुढे शेजारणीने मीठ सोडले, मग तिच्या जावेने. माघ आला तेव्हा आळीच्या आळी अळणी जेवत होती. पोशा सुटून आला तो हाडाचा सापळा होऊन. तरी पहिल्याच सकाळी त्याने फावडे शोधायला घेतले. मथीबायने ते आधीच लपवले होते.

"एकल्यान नाय," ती म्हणाली. "आनि चोरून त नायच नाय."

"मंग कवा?"

"मुंबईवालं न दिल्लीवालं, दोगं हितं येवदे."

आणि ते आले. कागदाने वाद मिटेना, म्हणून दोन्ही सरकारांनी आपापला एक गोरा साहेब जागा बघायला धाडला. होळीनंतरचे दिवस होते, भांग चालू होती. साहेब येणार हे पाटलाला कळले, पाटलाकडून गावाला. मथीबाय घरोघर फिरली. त्या सकाळी साहेब बांधावर चढले तेव्हा सगळे गाव तिथे उभे होते, बाया, बापये, म्हातारीकोतारी. प्रत्येकाच्या पायाशी पालथी पाटी होती. पेंढ्याच्या मोळ्या आणि बांबू पाटलाने आधीच आणवले होते. साहेबांना वाटले, गावकरी बसायला पाट्या घेऊन आलेत.

एक साहेब खांडीच्या भाताकडच्या काठावर उभा राहिला, दुसरा मिठागराकडच्या. ते आपापसांत इंग्रजीत भांडले. त्यांच्याबरोबरच्या कारकुनाने गावासाठी तेवढेच सांगितले, की हे म्हणतात बांध त्यांचा, आणि ते म्हणतात यांचा.

मथीबाय पुढे झाली. डोक्यावरचा पदर नीट करून तिने मुंबईच्या साहेबाला विचारले, "सायेब, ह्यो बांध तुमचा का?"

कारकुनाने विचारले. साहेब म्हणाला, नाही.

ती दिल्लीच्या साहेबाकडे वळली. "तुमचा का?"

तोही म्हणाला, नाही.

"मंग चिखल कोनाचा?"

इथे दिल्लीचा साहेब पेचात पडला. चिखल आपला म्हणावे, तर त्यानेच रचलेला बांधही आपला ठरतो, आणि खर्च गळ्यात पडतो. पलीकडच्या काठावरून मुंबईचा साहेब त्याच्याकडे हसून बघत होता. त्याला ते हसू सोसले नाही. चिखलही आमचा नाही, असे तो म्हणाला.

मथीबाय गावाकडे तोंड करून म्हणाली, "आयकलांव ना समद्यांनी? बांध कोनाचा नाय, चिखल कोनाचा नाय. म्हंजे आमचा." आणि तिने आपली पालथी पाटी सुलटी केली.

पोशा सगळ्यांआधी खांडीत उतरला. जिथे त्याला धरले होते तिथेच त्याने फावडे मारले, आणि ते मारताना तो मोठ्याने रडत होता, असे सांगतात. बांबू ठोकले गेले, पेंढा दाबला गेला, पाट्या हातोहात चालल्या. शिपाई साहेबाच्या तोंडाकडे बघत राहिले; साहेब आपल्याच शब्दाने बांधला गेला होता. चिखलाची रांग दोन्ही बाजूंनी सरकत आली तसे दोघे साहेब मागे मागे हटत गेले आणि शेवटी बांधावरून उतरले.

त्या दिवशी समुद्र थांबला होता, म्हणे. भरतीची वेळ झाली तरी पाणी खांडीबाहेर गुडघाभर उभे राहिले आणि शेवटची पाटी पडेपर्यंत पुढे आले नाही. भांगेला भरती असतेच लहान, असे मास्तर लोक सांगतात. जुनी माणसे ऐकून घेतात आणि समुद्र थांबला होता असेच म्हणतात. पाणी आले, नव्या बांधाला लागले आणि परत गेले. तेव्हा मथीबायच्या सासूने पदराच्या गाठीतला मिठाचा खडा काढला आणि सगळ्या गावासमोर सुनेच्या जिभेवर ठेवला.

दोन पावसाळ्यांनी खाचरांतला खार धुऊन निघाला आणि भात असे आले, की खळे पुरेना. मग मुंबईचा कारकून आला आणि म्हणाला, बांध आमचा, याचा वाढीव सारा द्या. त्याच्यामागून दिल्लीचा आला आणि म्हणाला, बांध आमचा. मथीबायने दोघांना ओटीवर बसवले, ताक दिले आणि सांगितले, "आदी तुमच्यात काय ते ठरवा." त्यांनी लिहिणे सुरू केले. ते लिहिणे संपायच्या आत दोन्ही सरकारे मुलूख सोडून गेली.

आजही भांगेच्या त्या दिवशी खारदेवळीचा बांध चिखलाने लिंपला जातो. गोष्ट ऐकायला आलेल्या पाहुण्याच्या हातातही पाटी देतात. तो संकोचला, की म्हातारे त्याला म्हणतात, बांधावर पाहुणा कोणी नसतो. मग तो जोडे काढून चिखलात उतरतो.