बुडीत बँक आणि अप्पांचा धीर

कराडच्या एका शेअर दलालाच्या ऑफिसात पेन्शनर म्हातारे सकाळपासून टीव्हीसमोर बसतात. सरकार कोण पाडणार आणि कुठल्या बँकेचे शेअर घ्यावेत, हे एका चहात ठरवतात. घरचा गॅस कधी संपतो, हे मात्र एकालाही माहीत नसतं. त्यांचे म्होरके माझे वडील, अप्पा. मी इंजिनिअरिंग अर्धवट सोडलं त्याच दिवशी त्यांनी मला घराबाहेर काढलं आणि आईला माझ्याशी बोलायचीही बंदी केली. आता मी त्याच इमारतीत खाली मोबाइल दुरुस्त करतो. जिन्यावरचा त्यांचा खोकला मला ओळखू येतो.

एकदा राहवलं नाही. वर जाऊन एवढंच विचारलं, "अप्पा, आई कशी आहे?"

अप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अर्ध्यात सोडणाऱ्यांशी मी बोलत नाही. माणसाला धीर लागतो. आमची बँक बघ. अध्यक्ष तुरुंगात गेला, लाभांश बंद पडला, भाव मातीत गेला. मी विकली का? निवडणूक होऊ दे, वर येईल."

"याला म्हणतात धीर!" शेजारच्या खुर्चीतल्या तांबेकाकांनी मान डोलावली.

मी म्हणालो, "खरंय. त्या बुडव्या बँकेने तुम्हाला एकदा तरी विचारलं का, आई कशी आहे म्हणून? ती बँक इतकी वर्षं सांभाळलीत, अप्पा. मला एका दिवसात विकलंत."

मी जिना उतरून दुकानात आलो.

बाजार उघडताना अप्पा देवालाही ओळखत नाहीत. दुसऱ्या दिवशी नेमका तेव्हाच माझा फोन वाजला.

"आईने थालीपीठ लावलंय," ते म्हणाले. "गार व्हायच्या आत ये."