सापसुरळीची शेपटी

रानात अजून माणूस फिरकला नव्हता, तेव्हाची गोष्ट. जखमा शिवणाऱ्या सुगरण पक्षिणीला कळलं, की सापसुरळीच्या शेपटीचा तुकडा लावला की कुणाचीही जखम भरून येते. पहिला तुकडा तिने खारीच्या पिल्लासाठी मागून घेतला. "घे की बाई, मला पुन्हा फुटेल," सापसुरळी म्हणाली.

मग जखमी वाढले. उन्हात पेंगणाऱ्या सापसुरळीची शेपटी सुगरण न विचारताच नेऊ लागली. फुटतेच की पुन्हा!

एके दुपारी मुंगसाने सापसुरळीवर झडप घातली. शेपटी टाकून पळायची तिची रीत, पण टाकायला शेपटीच नव्हती. ती सकाळीच सशाच्या पायाला लागली होती.

पाय बरा झाल्यावर ससा आला. "शेपटी कुणी दिली, सुगरणताई? आभार मानायचेत."

सुगरणीच्या चोचीतला धागा गळून पडला. "दिली नाही रे कुणी," ती म्हणाली. "मी घेतली."