तेरड्याचं बी आणि सगूची काळजी

उंच उंच डोंगराच्या पायाशी, जिथे ढग दमले की कौलांवर टेकतात, तिथे एक इवलंसं गाव होतं. गावाच्या टोकाला इवलंसं घर, आणि त्या घरात आठ वर्षांची सगुणा आणि तिची आई. सगुणाला सगळे सगू म्हणत. बाबा लांबच्या शहरात भिंती बांधायला गेलेले, ते दिवाळीलाच यायचे. आई पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावायची आणि त्यावर दोघींचं कसंबसं भागायचं.

त्या पावसाळ्यात दोन वाईट गोष्टी घडल्या. दरड कोसळून डोंगरावर जायची वाट बंद झाली. आणि शेवाळावरून घसरून आईचा पाय मोडला. आता तो प्लॅस्टर घालून उशीवर ठेवलेला असे, दुपट्यात गुंडाळलेल्या बाळासारखा.

सगूला काळजी करायची भारी सवय. कोंबडी भिजली तर? चंद्र ढगात गुदमरला तर? पानाला काडी टोचताना त्याला दुखलं तर? आता तर काळजीला हक्काचं घरच मिळालं.

"आई, यंदा गौर कशी येणार गं?"

त्या गावची गौर तेरड्याची. डोंगरावर कातळाच्या फटीफटीत गुलाबी-जांभळा तेरडा फुलायचा. पोरी तो मुळासकट आणायच्या, ताम्हनात ठेवायच्या आणि वाजतगाजत घरी न्यायच्या.

"वाट बंद आहे ना, सगूबाई. यंदा नाही यायची." आई हसून म्हणाली, पण तोंड भिंतीकडे फिरवून.

सगूनं ते भिंतीकडे फिरलेलं तोंड पाहिलं. तिला काहीतरी करायलाच हवं होतं.

ती शेजारच्या काशीकाकीकडे गेली. "काकी, आपण तेरडा परसात लावला तर?"

काकी शेळीला पाला घालत होती. ती एवढी हसली की शेळीनं खाणं थांबवलं. "अगं, तेरडा कोण लावतं का! माझ्या सासूनं हौसेनं लावलेला, आठ दिवसांत सडला. डोंगरचं पोर ते, घरात नांदायचं नाही. जा, आईला चहा दे जा!"

सगू हिरमुसून परसात आली. पाऊस नुकताच थांबला होता. अळूच्या मोठ्या हिरव्यागार पानात पाण्याचा एक टपोरा थेंब गडगडत होता, आणि थेंबाच्या आत कुणीतरी गरगर फिरत होतं!

सगूनं अलगद पान कलतं केलं. थेंब फुटला आणि चिंचोक्याएवढी एक परी गवतावर पडली. तेरड्याच्या पाकळ्यांचा झुळझुळीत गुलाबी घागरा, चतुरासारखे लखलख पंख आणि पायांना मात्र चिखल. पऱ्या शिंकतात की नाही ते मला खात्रीनं सांगता येणार नाही, पण ही शिंकली. तीनदा.

"बाई बाई बाई! सकाळपासून फिरतेय. चक्कर आली नुसती," परी म्हणाली. "तू बरी दिसलीस. माग काय हवं ते."

"आईसाठी गौर," सगू म्हणाली. तिला विचार करावाच लागला नाही.

परीनं घागऱ्याच्या निऱ्यांतून तीन काळ्या, चकचकीत बिया काढल्या. "हे डोंगराचं बी. कुंपणापाशी उतारावर मुरूम आहे ना, खडेखडे, त्यात पेरायचं. मग सहा दिवस तिकडे फिरकायचं नाही. पाणी नाही, खत नाही, हात तर मुळीच नाही. बघायचंसुद्धा नाही."

"आणि तहान लागली तर?"

"पाऊस आहे."

"भूक लागली तर?"

"मुरूम आहे."

"भीती वाटली तर?"

परीनं सगूकडे नीट निरखून पाहिलं. "त्याला नाही वाटायची," ती म्हणाली, आणि चमचम करत कुंपणापलीकडे गेली.

गौरीला वीस दिवस होते.

आता सगूला मुरूम काही पटेना. एवढंसं बी आणि निजायला खडे? तिनं पहिलं बी काकीच्या गोठ्यामागच्या मऊ मऊ काळ्या मातीत पेरलं. वर शेणखताची ओंजळ. वर दोन तांबे पाणी. संध्याकाळी आणखी एक तांब्या, कारण तिला स्वतःलाच तहान लागली होती. तिसऱ्या दिवशी कोंब आला, चौथ्या दिवशी तो मऊ पडला, पाचव्या दिवशी त्याचा काळा चिखल झाला.

सगू रडली. मग तिनं नाक पुसलं आणि दुसरं बी मुरमात पेरलं. दोन दिवस ती गेली नाही. तिसऱ्या दिवशी गेली, पण एकच डोळा उघडा ठेवून. हिरवं पोपटी रोपटं उभं होतं, दोन पानांचं! पण किती बारीक! ऊन लागलं तर? पावसानं मोडलं तर? तिनं त्याच्यावर जुनी टोपली पालथी घातली. टोपलीखालच्या अंधारात रोपटं उजेड शोधत लांबच लांब, फिक्कट झालं आणि एका सकाळी आडवं पडलं.

एकच बी उरलं. आणि नऊ दिवस.

सगूनं ते मुरमात पेरलं, घरात आली आणि दाराकडे पाठ करून बसली. बसवत नव्हतं. पाय आपोआप वळत होते.

तेवढ्यात काशीकाकी धावत आली. "सगू, ए सगू! शेळीला तीन करडं झाली गं. सड दोनच, दोघं दांडगे पितात आणि तिसरं उपाशी. आणि माझ्या लेकीचे दिवस भरलेत, मला आत्ता निघायला हवं. तू बघशील? तुला हसले, राग नको धरू."

सगूनं गोठ्यात डोकावलं. तिसरं करडू मुठीएवढं, पांढरंशुभ्र, कानावर तपकिरी ठिपका. उभं राहायचं आणि बुदकन बसायचं. सगूनं त्याचं नाव ठेवलं ठिपक्या.

"मी आहे ना, काकी. जा तुम्ही," सगू म्हणाली.

मग काय विचारता! दर थोड्या वेळानं दोघा दांडग्यांना बाजूला धरायचं, ठिपक्याला सडाशी लावायचं. तो प्यायला का? पोट भरलं का? गारठला का? त्याला गोणपाटात गुंडाळायचं, पाठ चोळायची. सगूच्या सगळ्या, सगळ्या काळज्या गोठ्यात कामाला लागल्या, आणि काय गंमत, इथे त्या चक्क उपयोगी पडत होत्या! तिसऱ्या दिवशी ठिपक्या चार पावलं चालला. पाचव्या दिवशी उडी मारली. सातव्या दिवशी तो सगूच्या मागे मागे घरभर हिंडू लागला आणि आईची एक पत्रावळ त्यानं खाऊन टाकली.

एका सकाळी आई म्हणाली, "आज गौरी यायच्या."

सगू ताडकन उठली. बी! ती साफ विसरली होती. नऊ दिवसांत एकदासुद्धा गेली नव्हती. तहानेनं मेलं असेल. भुकेनं मेलं असेल. ती धावत सुटली, ठिपक्या तिच्यामागे.

कुंपणापाशी पोचली आणि थबकली.

तिथे नुसतं एकच रोप नव्हतं. सगळा उतार फुलला होता! गुलाबी, जांभळी, पांढरी, पहाटेच्या ढगांच्या रंगाची फुलंच फुलं. पहिल्या रोपाच्या शेंगा पिकून टपटप फुटल्या होत्या, बिया खड्याखड्यांत उडाल्या होत्या आणि प्रत्येक बी उभं राहिलं होतं. दवाचे थेंब लुकलुकत होते. मधोमध एका फुलावर परी पाय हलवत बसली होती.

"मी विसरले गं," सगू कसंनुसं म्हणाली.

"छान विसरलीस," परी म्हणाली. "तुझी काळजी गोडच आहे. करडाला ती हवी होती. याला नको होती, एवढंच. घे, गौर घे."

बातमी पसरली. वाट बंद म्हणून गावात कुणाकडेच तेरडा नव्हता. साऱ्या पोरी परकर सावरत परसात आल्या, आणि सगूनं प्रत्येकीला पाच पाच रोपं मुळासकट दिली. नात झाल्याचे पेढे घेऊन काशीकाकीही परतली आणि कुंपणाशी घुटमळली.

"मला देशील गं?"

"डोंगरचं पोर आहे, काकी. नांदवाल ना?" सगू म्हणाली. काकीनं तिचा गालगुच्चा घेतला.

शेवटी सगू आपली गौर घेऊन दाराशी आली. आई भिंतीला धरून एका पायावर उभी होती, तोंड दाराकडे. तिनं रीतीप्रमाणे विचारलं, "गौर आली, काय घेऊन आली?"

सगूनं सांगायचं होतं, सोनं आणि मोती. पण तेवढ्यात ठिपक्या तिच्या पायांतून आत घुसला आणि त्यानं ताम्हनातल्या फुलांकडे मान लांबवली.

"अगं बाई!" फुलांतून बारीक किंचाळी आली. परी भुर्रकन उडाली, आढ्याला एक गिरकी घेतली आणि लख्ख गुलाबी उजेड होऊन फुटली. भिंती उजळल्या, चूल उजळली, आईचं पांढरं प्लॅस्टरसुद्धा जांभळं जांभळं झालं. मग उजेड हळूहळू विरला आणि परी दिसेनाशी झाली.

ठिपक्या घाबरून बुदकन खाली बसला.

"करडू घेऊन आली," सगू म्हणाली, आणि आई इतकी हसली, इतकी हसली, की तिला धरायला सगूला ताम्हन खाली ठेवावं लागलं.