म्हाळूच्या पायाचा दावा

हायवेने मधोमध चिरलेल्या एका गावात म्हाळू नावाचा एक भोळा टोपलीवाला राहत होता. कुणी सांगेल ते तो तंतोतंत करायचा. हायवेच्या काठी एवढा दोष पुरतो.

एका सकाळी मागून ट्रक आला आणि म्हाळूच्या उजव्या पायावरून गेला. पानटपरीवाल्याने ट्रकचा नंबर टिपला आणि तो म्हणाला, "पंचनामा होईपर्यंत जागेवरून काही हलवायचं नसतं."

म्हाळू हलला नाही. दोन तास रस्त्यात पडून राहिला. कुणी उचलायला आलं की म्हणायचा, "हलवू नका, पंचनामा व्हायचाय." ट्रकला हा नियम कुणी सांगितला नव्हता. तो निघून गेला.

हवालदार आले. म्हणाले, "गाढवा, आधी गाडी अडवायची. किल्ली काढून घ्यायची."

"बरं साहेब."

तेवढ्यात ॲम्ब्युलन्स आली. म्हाळूने ड्रायव्हरच्या हातातली किल्ली हिसकावली आणि कोपरीत लपवली. अर्धा तास झटापट चालली.

"अरे बाबा," ड्रायव्हर म्हणाला, "मदतीला आलेल्याला अडवतात का? तो म्हणेल ते मुकाट्याने करायचं."

"बरं दादा."

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात ट्रकमालकाचा माणूस आला. हातात द्राक्षं, खिशात कागद. "मदतीला आलोय, म्हाळूदादा. इथं अंगठा द्या."

म्हाळूने मुकाट्याने दिला. कागदावर लिहिलं होतं : ट्रक उभाच होता, मीच जाऊन धडकलो.

पाय वाकडाच जुळला. बांबू पायाखाली दाबल्याशिवाय त्याच्या कामट्या निघत नाहीत, त्यामुळे टोपल्या बंद झाल्या. भरपाई मिळाली तरच घरची चूल पेटणार होती. म्हणून बायको ठकूबाई त्याला फुकट वकील देणाऱ्या कचेरीत घेऊन गेली. तिथल्या तांबोळी वकीलबाईंनी कागद वाचून कपाळाला हात लावला.

"हे खोडून काढू. पण आता कुणी पायाचं विचारलं की सगळं सांगायचं. काही गाळायचं नाही. जखमसुद्धा दाखवायची."

"बरं बाई."

रविवारी ठकूबाईच्या माहेरची माणसं आली. पानं वाढली होती. मेव्हण्याने सहज विचारलं, "पाय कसाय, दाजी?"

म्हाळूने पट्टी सोडली, पाय ताटाशेजारी ठेवला आणि पू कुठून कुठून आला ते सांगितलं. मंडळी उपाशी उठली.

ठकूबाई कडाडली, "मोठी माणसं विचारपूस करतात तेव्हा रडगाणं गातात का? बरं आहे म्हणायचं. काही मागायचं नाही. चहा विचारायचा."

"बरं."

दोन वर्षांनी कोर्टात सुनावणी झाली. एवढी घाई कोर्टाने केली, हेच नवल. ट्रकमालकाकडून तीन वकील होते. वकीलबाई एकट्या तासभर भांडल्या. अंगठा कसा घेतला ते त्यांनी उघडं पाडलं. न्यायाधीशांना पटलं. त्यांनी चष्मा काढून आपुलकीने विचारलं, "म्हाळू, पाय कसा आहे?"

एवढा मोठा माणूस विचारपूस करत होता.

"बरा आहे, साहेब."

"ट्रकमालकाबद्दल तक्रार?"

"तक्रार कसली? भली माणसं."

"मग भरपाई?"

"काही नको. तुम्ही विचारलंत, यातच सगळं आलं."

शेजारचा कारकून शब्दन् शब्द उतरवून घेत होता. वकीलबाई धडपडत उठल्या, तोवर म्हाळू कुबडी टेकत न्यायाधीशांसमोर पोचला होता.

"साहेब, घोटभर चहा घेतल्याशिवाय उठायचं नाही."

न्यायाधीश नको म्हणाले. ट्रकमालकाचे तिन्ही वकील प्यायले. पैसे म्हाळूने दिले.