खारीचा हुंकार

डोंगरापलीकडच्या एका जंगलात एक खार राहत असे. ती इतकी लाजरी होती, की कोणी नुसते ‘कशी आहेस?’ म्हटले तरी शेपटीआड तोंड लपवी. पण तिचे कान तीक्ष्ण होते आणि एकदा ऐकलेले ती कधी विसरत नसे. म्हणून त्या जंगलातले एक मानाचे काम तिच्याकडे आले होते. रोज दिवस कलला, की सारे प्राणी बेहड्याच्या झाडाखाली जमत आणि एक म्हातारा वानर त्यांना गोष्ट सांगे. गोष्ट एकच, पण रोज थोडी थोडी पुढे सरकणारी. तिथली रीत अशी होती, की वानराचे बोलणे थांबले की एकाने ‘हूं’ म्हणायचे. हुंकार आला की मगच गोष्टीने पुढचे पाऊल टाकायचे. वानराशेजारच्या सपाट दगडावर बसून हा हुंकार खार देत असे. तिला दुसरे काही बोलावे लागत नसे. साऱ्या जंगलात त्या दगडाइतकी प्रिय जागा तिला दुसरी नव्हती.

गोष्ट होती पंख असलेल्या एका हरिणीची. ती ढगांवर चरायला जाई. मात्र तिचे पंख भिजले, तर ते कोरडे होईपर्यंत तिला उडता येणार नाही, असे वानराने पहिल्याच दिवशी बजावले होते. पुढे एकदा धबधब्याखाली तिचे पंख भिजले आणि नेमका मागून आगीचा अजगर आला. तेव्हा एक कासव त्याच्या वाटेत आडवे झाले. हरिणी पळून वाचली, कासव मात्र गेले. त्या संध्याकाळी खारीचा हुंकार फुटता फुटेना.

मुलांनो, मालिकेची वेळ झाली की आपल्या घरी जी गडबड उडते, तीच त्या जंगलात उडत असे. ससे हरिणीच्या काळजीने अर्धे गवत तसेच टाकून येत. ‘अजगराचीही काही बाजू असेल,’ असे साप म्हणाला म्हणून मुंगसाने त्याच्याशी बोलणे सोडले होते. तसे ते आधीही बोलत नसत म्हणा. पण हरिणीचा सर्वांत मोठा भक्त होता कोल्हा.

एका संध्याकाळी गोष्टीतली हरिणी तळे पोहून काठावर आली आणि समोर पाहते तो अजगर. कोल्हा उठून उभा राहिला. “आजोबा, आमच्या हरिणीला काही झालं, तर उद्यापासून मी यायचा नाही,” त्याने सांगितले. सशांनीही तीच री ओढली. वानराला भरलेली बैठक फार आवडे. तो घाईघाईने म्हणाला, “हरिणीने ओले पंख झटकले आणि ती आकाशात उडाली.” सगळ्यांनी आनंदाने शेपट्या आपटल्या. मग सारे शांत झाले, तरी हुंकार येईना.

“अगं, हूं म्हण की,” वानर म्हणाला.

“पंख ओले होते, आजोबा.”

कोल्हा हसला. “ऐका! हरिणीला पंख असतात, हे हिला चालतं. ढगावर गवत उगवतं, तेही चालतं. थोडं पाणी मात्र चालत नाही.” सगळे हसू लागले. खारीला वाटले, शेपटीत तोंड लपवावे. पण तिला कासव आठवले. तिने शेपटी दोन्ही पंजांनी खाली दाबून धरली.

“हरिणीला पंख आहेत, असं आजोबांनी सांगितलं म्हणून मी मानलं,” ती म्हणाली. “ओल्या पंखांनी उडता येत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. ते खोटं असेल, तर ती धबधब्याखालूनही उडाली असती. मग कासव कशाला मेलं?”

चारचौघांत अडवल्याचे वानराला लागले. हूं म्हण, नाहीतर दगड सोड, असे त्याने तिला बजावले. उन्हाने अजून कोमट असलेल्या त्या दगडाकडे खारीने एकदा पाहिले आणि ती खाली उतरली.

दगडावर कोल्हा बसला. तो सढळ हाताने हुंकार देई. हरिणी विष प्यायली, हूं. ती वणव्यातून चालत गेली, हूं. विष घशाखाली उतरायच्या आत कोल्ह्याचा हुंकार तयार असे. हळूहळू ससे गोष्ट चालू असतानाच चरू लागले. साळिंदराचे पिल्लू आईला म्हणाले, “चल ना घरी. ती काही मरत नाही.” एकदा तर कोल्ह्याचाच हुंकार लांबत लांबत घोरण्यात गेला. वानर त्याच्याकडे बघतच राहिला.

इकडे खार आपल्या ढोलीत एकटी असे. संध्याकाळ झाली की तिचे पाय बेहड्याकडे वळत, पण ती स्वतःला आवरी. शेजारच्या सशाने तिला समजावले, “एक हूं म्हणायला तुझं काय जातं?”

“कासव जातं,” खार म्हणाली.

एका सकाळी वानर तिच्या झाडाखाली आला. बराच वेळ हनुवटी खाजवून त्याने विचारले, “आज येशील?”

“हरिणी कुठे आहे?”

“तळ्याच्या काठावर.”

“आणि पंख?”

वानराने खाली पाहिले. “ओले आहेत.”

संध्याकाळी खार आपल्या दगडावर बसली आणि वानर सांगू लागला. हरिणी तळ्यातून बाहेर आली होती, तिला उडता येत नव्हते आणि अजगर समोरच होता. कोल्ह्याने तक्रारीसाठी तोंड उघडले, पण सशांनी त्याला गप्प केले. हरिणीने पळून पाहिले असते, वानर म्हणाला, पण तिला कासव आठवले. ती पाय रोवून उभी राहिली. अजगराने आग ओकली. हरिणीने त्या आगीसमोरच आपले पंख पसरले.

“धगीने एकेक पीस कोरडे होत होते,” वानर सावकाश म्हणाला, “आणि एकेक पीस करपतही होते.”

तो थांबला. कोणी गवताला तोंड लावले नाही. कोल्हा सरकत सरकत दगडापाशी आला आणि हळूच विचारू लागला, “वाचेल ना गं ती?”

“ठाऊक नाही,” खार म्हणाली. सगळे तिच्याकडे पाहत होते, पण या वेळी शेपटीत तोंड लपवायचे तिच्या ध्यानातच आले नाही. तिने साऱ्यांना ऐकू जाईल असा हुंकार दिला, “हूं.”

तात्पर्य : कल्पनेला हवे तेवढे पंख द्यावेत, पण तिने दिलेला शब्द तिला पाळायला लावावा; ज्याचे गोष्टीवर खरे प्रेम असते, तो तिच्या खोट्याला हुंकार देत नाही.